शिकागोतील कुऱ्हाड

प्रो. एन्रिको फर्मी यांचे गणित मला गाणे शिकविणाऱ्याला काय कळणार! मला त्यांची सबुरी भावते. जन्म १९०१, रोम. १९३८ साली स्टॉकहोमला नोबेल पारितोषिक घेतले नि तेथूनच अमेरिका गाठली; पत्नी ज्यू, आणि इटलीत वंशाचे कायदे आलेले.

पहिली अणुभट्टी शिकागोबाहेर उभारावयाची होती. मजुरांच्या संपाने इमारत अडली. तेव्हा कॉम्प्टन यांनी, विद्यापीठाच्या अध्यक्षांना न विचारताच, भरवस्तीतल्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखाली ती रचू दिली. परवाना एवढाच! सुरक्षेचे सारे फर्मी व सहकाऱ्यांनीच योजावयाचे. हाताने ओढावयाचा कॅडमियमचा दांडा, आपोआप पडणारा दुसरा, दोरीला टांगलेला तिसरा, ती तोडण्यास कुऱ्हाड घेतलेले हिल्बेरी. शिवाय माथ्यावर कॅडमियमचे द्रावण घेऊन तिघे.

२ डिसेंबर १९४२. ऐन रंगात आपोआप पडणारा दांडा खाडकन् पडला. त्याची मर्यादाच फार खाली लावलेली होती. फर्मींनी सगळ्यांना जेवावयास पाठविले! तयारीचा गवई समेची घाई करीत नाही, तसे. दुपारी साखळी-विक्रिया साधली; शक्ती अवघी अर्धा वॅट. कुऱ्हाड लागली नाही.

अमेरिकेत खासगी मालकांना परवान्यावर अणुभट्टी बांधू देणारा कायदा ऑगस्ट १९५४ मध्ये झाला. त्याच नोव्हेंबरात फर्मी कर्करोगाने वारले. वय ५३.