नौलीचे एक्स-रे काढणारे लोणावळ्याचे स्वामी

कामशेत, मळवली मागं टाकत पुण्याची लोकल लोणावळ्यात शिरते. पब्लिक उतरतं ते पावसासाठी आणि चिक्कीसाठी. पण याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं योग प्रयोगशाळेत नेला होता. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, अमळनेरला शिकवलं आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग शिकून घेतला.

गुरूंवर श्रद्धा होतीच, पण योग करताना शरीरात नेमकं काय घडतं हे त्यांना बघायचं होतं. म्हणून बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी नौलीचे एक्स-रे काढले. आतला दाब मोजला, तर नौलीत तो उतरतो असं दिसलं. त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

१९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू झालं.

आता मोजायला बसलं की उत्तर आपल्याविरुद्धही येऊ शकतं. तसं झालंही. प्राणायामानं भरपूर ऑक्सिजन मिळतो, ही लोकांची आवडती समजूत मोजमापात टिकली नाही. स्वामींनी ते लपवलं नाही. प्राणायामाचा खरा फायदा मज्जासंस्थेला होतो, असं त्यांनी मांडलं.

योगायोग बघा, १९२४ सालीच जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. त्यालाच आपण ईईजी म्हणतो.

आज हे दोन्ही धागे एकत्र येतायत. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवतात. ते मानेतल्या व्हेगस नर्व्हला विजेचे हलके झटके देतं. अमेरिकेत १९९७ साली त्याला मान्यता मिळाली. पण गुण सगळ्यांना सारखा येत नाही. त्यामुळे ऑपरेशनआधीच्या ईईजीवरून कुणाला फायदा होईल हे ओळखता येतं का, याचा शोध संशोधक घेतायत. खात्रीची चाचणी अजून हाती नाही. तोवर खर्च, ऑपरेशन आणि आशा, तिन्ही पेशंटच्या घरच्यांनाच पेलावं लागतं.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ ला गेले. कैवल्यधाममध्ये योगावरचं संशोधन आजही चालू आहे.