साठ अभ्यासक्रम आणि तीन वर्षे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे पिता सुभेदार रामजी यांचे निधन झाले होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून नुकतीच मिळवलेली बी. ए. ची पदवी आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली मासिक साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, एवढेच भांडवल घेऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला.

शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. ती संपल्यावर अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणाला अशी संधी पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नव्हती. म्हणून पदवीपुरता अभ्यास करून ते थांबले नाहीत. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १, असे एकूण ६० अभ्यासक्रम त्यांनी घेतले. सेलिग्मन, जॉन ड्यूई, गोल्डनवायझर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले.

हा आकडा आपण जयंतीच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. परंतु त्यामागील निवड अधिक विचार करण्याजोगी आहे. मानववंशशास्त्राच्या अध्ययनातून ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातींविषयीचा निबंध आकारास आला. जो अन्याय त्यांनी लहानपणी शाळेत वेगळे बसून सोसला, त्याची उत्पत्ती व यंत्रणा ते आता शास्त्राच्या कसोटीवर तपासू लागले होते. अर्थशास्त्राच्या अभ्यासातून प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ उभा राहिला. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच. डी. प्रदान केली.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी एकाच वेळी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. इतके मोठे शिक्षणही जातीची भिंत एकट्याने पाडू शकत नाही, हे त्यांनी तेथे अनुभवले. तरीही त्यांनी विद्येची वाट सोडली नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पगारातून पैसा साठवून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. एम. एस्सी., बॅरिस्टर आणि डी. एस्सी. या तिन्ही पदव्या त्यांनी १९२३ पर्यंत पूर्ण केल्या.

या पदव्यांची किंमत एकट्या बाबासाहेबांनी मोजलेली नाही. मुंबईत माता रमाईंनी दारिद्र्य, आजारपण आणि अपत्यवियोग सोसत संसार सांभाळला. त्या साठ अभ्यासक्रमांच्या हिशेबात त्यांच्या उपवासांचीही नोंद व्हायला हवी.

बाबासाहेबांनी आपल्या हालअपेष्टांना आदर्श ठरवून पुढच्या पिढीवर लादले नाही, हे विशेष. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. आपल्या मुलांना दोन वेळचे जेवण, दिव्याचा उजेड आणि पुस्तके मिळावीत, म्हणजे त्यांची सारी शक्ती अभ्यासाला लागेल, हा त्यामागचा विचार होता. आपल्या निवासी शाळेची भाकरी आणि अभ्यासिका त्याच विचाराची देणगी आहे. येथील विद्यार्थ्याने बाबासाहेबांइतके विषय घ्यावेत, अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र जो विषय घेतला तो समाजाच्या कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडेल, हे त्याने स्वतःला विचारावे आणि पालकांनीही त्याला ते विचारत राहावे.