मिखाएल टोनेट : लांकूड वांकविणारा कारागीर

मुंबईच्या जुन्या इराणी उपाहारगृहांतील वळणदार पाठीच्या लांकडी खुर्च्या आम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. वेलीप्रमाणें हें लांकूड वळविण्याची कला कोणीं सिद्ध केली, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून त्या कारागिराचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

मिखाएल टोनेट यांचा जन्म ऱ्हाईन नदीच्या कांठीं बोपार्ड गांवीं २ जुलै १७९६ रोजीं झाला. वडील कातडीं कमावण्याचा धंदा करीत. १८१९ सालीं मिखाएल यांनीं स्वतःचें सुतारकाम सुरू केलें. त्या काळीं वांकडा भाग जाड लांकडांतून कोरून काढीत. त्यांत लांकूड व श्रम दोन्ही वायां जात. टोनेट यांनीं लांकडाच्या पातळ पट्ट्या सरसांत उकळून सांच्यांत वळविण्याचे प्रयोग आरंभिले. १८४१ सालीं कोब्लेंझच्या प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचे मुत्सद्दी मेटरनिख यांनीं हें काम पाहून त्यांस व्हिएन्नास बोलाविलें. परंतु इकडे धनकोंनीं बोपार्डची मालमत्ता जप्त केली! पंचेचाळिशी गांठलेल्या या गृहस्थानें १८४२ सालीं मुलाबाळांसह परक्या शहरीं बिऱ्हाड केलें, आणि कालचा मालक आज दुसऱ्याच्या कामावर राबूं लागला.

तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. १८४९ सालीं पुनः स्वतःचा कारखाना निघाला. १८५१ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत पदक मिळालें. १८५३ सालीं धंदा पांच पुत्रांच्या नांवें झाला. तथापि दमट हवेंत सरस सुटे, ही उणीव राहिलीच होती. अखंड लांकूड वांकवितांना बाहेरची बाजू ताणली जाऊन फाटते. त्या बाजूस पोलादी पट्टी आवळून वाफाळलेलें लांकूड वांकविल्यास तें ताणलें न जातां दबतें, आणि फाटत नाहीं. ही युक्ति साधल्यावर १८५६ सालीं त्यांस तिचा सरकारी हक्क मिळाला, व मोराव्हियांतील कोरिचानी येथें बीच वृक्षांच्या अरण्यांजवळ मोठा कारखाना उभा राहिला. १८५९ सालची चौदा क्रमांकाची खुर्ची अवघ्या सहा लांकडी भागांची होती. दहा स्क्रू व दोन नट यांनीं ती जोडली जाई. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. त्यामुळें भाडें वांचलें, किंमत उतरली आणि सामान्य मनुष्यासहि सुबक खुर्ची मिळाली. १९३० पर्यंत अशा सुमारें पांच कोटि खुर्च्या खपल्या.

३ मार्च १८७१ रोजीं व्हिएन्ना येथें टोनेट निवर्तले. संकटाच्या दाबाखालीं लांकूड मोडतें किंवा वळतें. मनुष्याचेंहि तसेंच आहे. टोनेट मोडले नाहींत, एवढें आमच्या विद्यार्थिबंधूंनीं ध्यानीं ठेवावें.