अंगणात गेलेली शाळा

पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्यातील कोणत्याही गावात गेले तरी अंगणवाडीची पाटी दृष्टीस पडते. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोठून आला याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. सरकारी कचेरीत जन्मलेला हा शब्द नव्हे. डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी, गोरगरिबांच्या झोपड्यांपुढील सारवलेल्या अंगणात तो रूढ झाला आणि तो रूढ करणाऱ्या बाईंचे नाव ताराबाई मोडक. त्यांचे स्मरण आज करण्याचे कारण एवढेच की, मूल शाळेत मागे पडले म्हणजे घरी संस्कार नाहीत असा शेरा मारून वही मिटण्याची आपल्याकडील रीत अद्याप गेलेली नाही. ताराबाईंनी आयुष्याची शेवटची जवळजवळ अठ्ठावीस वर्षे या शेऱ्याचे मूळ तपासण्यात घालविली.

त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. बालपण इंदूरला गेले. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई ही दोघे प्रार्थना समाजाच्या वळणातील. मुलीला चार बुके शिकविणे हेच ज्या काळी धाडस समजले जाई, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बुद्धी त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. परंतु तितक्याच बुद्धीच्या किती मुली त्या वर्षी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला? घरात पुस्तक होते, पुस्तकाला मान होता आणि मुलीच्या हाती ते पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती. पुढे ज्या प्रश्नाशी त्यांना झुंजावयाचे होते त्याचे उत्तर असे त्यांच्याच बालपणात दडलेले होते. मात्र सुखवस्तू माणसाला आपल्या घराचे देणे सहसा दिसत नाही.

विवाहानंतर त्या अमरावतीला गेल्या. संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. अशी मानाची व स्थैर्याची जागा मिळाल्यावर दुसरे कोणी तेथेच निवृत्त झाले असते. ताराबाईंनी ती सोडली. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले होते. ताराबाई १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या. गुजराती आत्मसात करून त्या भाषेत त्यांनी लेखन-संपादन केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षण पत्रिका निघू लागली आणि माँटेसरी पद्धतीला या मातीत रुजविण्याचा उद्योग सुरू झाला. त्यानंतर मुंबई आणि १९३६ सालचे दादरचे शिशुविहार. मराठी मध्यमवर्गाने बालशिक्षण गंभीरपणे घ्यावयास आरंभ केला तो येथून.

येथवरची ताराबाईंची कीर्ती मोठी असली तरी आमच्या मते ती अर्धीच कथा आहे. भावनगरच्या काय किंवा दादरच्या काय, बालमंदिरात येणारे मूल बरेच काही घरून घेऊन येत असे. वर्तमानपत्राचा कागद त्याने पाहिलेला असे. आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आणि शाळेतली गोष्ट एकाच भाषेत असे. बाईंनी विचारले तर उत्तर द्यावयाचे असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. माँटेसरीबाईंची साधने त्याच्या हाती पडली की ते भराभर पुढे जाई, आणि श्रेय सगळे साधनांच्या वाट्यास येई!

१९४५ साली, वयाची त्रेपन्न वर्षे उलटल्यावर, ताराबाई बोर्डीस गेल्या. गांधीजींच्या विचाराचा ओढा होता आणि शहरातील पाच-पन्नास घरांपुरते बालशिक्षण म्हणजे बालशिक्षण नव्हे, ही टोचणीही होती. सोबत अनुताई वाघ आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, रात्रीचेही शिकलेल्या शिक्षिका. बोर्डीला एका बाजूस चिकूच्या वाड्या आणि दुसरीकडे वारल्यांचे पाडे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी जन्मभर राबावे, अशी लग्नगड्याची चाल त्या मुलखात होती. त्याच वर्षी गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अशा मुलखात दादरची बालवाडी जशीच्या तशी उचलून ठेवणे म्हणजे खाजणात केशर लावण्यासारखेच होते.

बालवाडी उघडली तरी गरिबांची मुले येईनात. शिक्षिका घरोघर जाऊन त्यांना गोळा करीत, न्हाऊ घालीत, केस विंचरीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा कोणी असता तर या लोकांना शिक्षणाची किंमत नाही असे म्हणून परत फिरला असता. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. वस्तीतले एखादे अंगण घ्यावे, आयाबायांच्या डोळ्यांदेखत मुलांना खेळवावे, गाणी म्हणावीत. ही अंगणवाडी. महागडी साधने बाजूस पडली; शिंपले, गोटे, बिया, पाने, माती आणि बांबू यांनी त्यांची जागा घेतली. मोजणे शिकावयाचे ते चिंचोके मोजून.

पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे दुसरे कोडे सुटले. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर धाकटे भावंड असते म्हणून. आई-बाप मजुरीस गेले की त्या घरची आई तीच. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत आणि थोरली वर्गात. मुलगे गुरे वळावयास जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली शिक्षण चालले आहे, हे चित्र कोणा निरीक्षकाला विनोदी वाटलेही असेल. आम्हांला ते शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांहून अधिक बोलके वाटते. गुरे राखणे हा त्या घराचा आळस नव्हता, तो त्या घराचा धर्म होता. शाळेचे घड्याळ त्याला जुळवून घेईना, म्हणून मुलगा अडाणी ठरत होता.

भाषेचे तसेच. वारली मुलाची बोली आणि क्रमिक पुस्तकाची मराठी यांत मोठे अंतर. पहिल्या दिवशी मूल गप्प बसते ते ठोंब्या म्हणून नव्हे, तर पुणेरी प्रश्नाला वारली उत्तर द्यावे की नाही या भयाने. गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांत आज ज्यांच्या घरी कन्नड किंवा लमाणी बोलली जाते अशी मजुरांची मुले बसतात, त्यांचे मौन याच जातीचे आहे. आपल्या धनगर-गवळ्यांच्या मुलांचाही अनुभव शिक्षकांना विचारून पाहावा.

ताराबाईंच्या कार्यावर आक्षेप घेण्यास जागा नाही असे नाही. स्नान, नखे, स्वच्छ कपडे यांवरचा भर आजच्या डोळ्यांना थोडा मध्यमवर्गीय वाटेल. पाड्यांच्या जगात भर घालावयाची होतीच, पण त्या जगाचे स्वतःचे भांडवलही दांडगे होते आणि ते पुरते ओळखले गेले असे म्हणवत नाही. लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या घरातील मुलाला पाटीवर आकृती काढता येत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? त्याच डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९७० नंतर जगभर गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेच्या परीक्षेत या विद्येला गुण नव्हते. परंतु हा दोष ताराबाईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पांढरपेशा समाजातून आलेल्या त्यांच्या पिढीत, शाळाच नापास झाली आहे असे मान्य करून तिला अंगणात आणि कुरणात नेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ च्या ऑगस्टअखेर त्या निवर्तल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. नावाबरोबर तराजू आला, पोषक आहार आला, लसीकरणाची नोंदवही आली, आणि या सर्वांची गरजही होती. अंगण मात्र मागे राहिले. त्याच्या जागी खोली आली, आणि मुलाने पुन्हा तिच्या दाराशी यावे अशी अपेक्षा सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केला, त्यात अंगणवाडी धरली आहे. अनुताई १९९२ पर्यंत हयात होत्या. त्यांनी शेवटपर्यंत मुलांची साधने विकत आणण्याऐवजी रानातून गोळा करण्याचाच पाठ आपल्या शिक्षिकांना दिला.