रमाबाईंची पहिली शाळा

पहाटेची वेळ आहे. अजून उजाडलेले नाही. झाडांवर पाखरांची किलबिल मात्र सुरू झाली आहे. एका तीर्थक्षेत्राजवळ उतरलेल्या यात्रेकरू कुटुंबातील आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला हलकेच जागी करते, जवळ घेते आणि संस्कृत श्लोकाचा एकेक चरण म्हणू लागते. मुलगी डोळे चोळीत तो चरण पुन्हा म्हणते. दिवस वर आला की आईला कामातून उसंत मिळत नाही. म्हणून ही शाळा भरते ती पहाटे.

ही मुलगी म्हणजेच पुढे पंडिता रमाबाई या नावाने विख्यात झालेली विदुषी होय. त्या काळी मुलींना साधी अक्षरओळख करून देण्यासही लोक राजी नसत. मग या मुलीच्या वाट्याला संस्कृतचा पाठ कसा आला? त्यासाठी तिच्या वडिलांची हकीकत सांगितली पाहिजे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील. तरुणपणी ते पुण्यास एका शास्त्र्यांपाशी अध्ययन करीत होते. हे गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात शिकवावयास जात. तेथे एका राजस्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक अनंतशास्त्र्यांच्या कानी पडले, आणि ते चकित झाले. आपल्या पत्नीलाही असे शिकवावे, हे त्यांच्या मनाने घेतले. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांनी तो बेत चालू दिला नाही. पुढे ती पत्नी निवर्तली. नंतर लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे लक्ष्मीबाई तेव्हा अगदी लहान होत्या. या वेळी मात्र शास्त्रीबुवांनी कोणाचे ऐकले नाही; त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविलेच.

लोक खवळले. उडुपी येथे शास्त्रीमंडळींची सभा भरली आणि अनंतशास्त्र्यांना जाब विचारण्यात आला. त्यांनी ग्रंथांचे आधार देऊन आपले वर्तन शास्त्राविरुद्ध नाही असे दाखवून दिले. तरीही लोकांच्या निंदेपेक्षा अरण्य बरे, असे मानून ते सह्याद्रीतील गंगामूळ येथे जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

गंगामूळच्या आश्रमात विद्यार्थी आणि यात्रेकरू यांची सदा वर्दळ असे. आल्यागेल्याला विन्मुख पाठवावयाचे नाही, असा त्या घराचा नेम होता. त्यात गाठीचे द्रव्य सरले, कर्ज झाले, आणि अखेर आश्रम सोडावा लागला. तेव्हा रमा अवघी सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात निजवून एका गड्याने तिला डोक्यावरून नेले. तेव्हापासून तीर्थयात्रा हेच तिचे घर झाले. देवळात पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी, असा क्रम सुरू झाला.

वडील आता थकले होते. म्हणून धाकट्या लेकीला शिकविण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले. ज्या स्त्रीला शिकविले म्हणून एवढा गहजब झाला होता, तीच आता गुरू झाली होती. आईच्या या शिकवणीने वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे सुमारे १८,००० श्लोक रमेला मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचे कटू फळ पाहिले असल्याने रमेचे लग्न लहानपणी करावयाचे नाही, असेही आईवडिलांनी ठरविले होते.

परंतु या संगोपनात एक मोठी उणीव राहून गेली. मुलांना शास्त्रे आली, पुराणे आली. पोटासाठी हाताने करावयाचे एकही काम आले नाही. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकावयास कोण येणार? जवळचे किडूकमिडूक विकले गेले. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागावयास जीभ रेटत नव्हती. कित्येक दिवस त्या कुटुंबाने रानातील पाल्यावर काढले. त्या हालअपेष्टांत १८७४ मध्ये प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी स्वतः एक बाजू घेतली. इतरांहून त्या ठेंगण्या, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्या मातेला स्मशानात घेऊन गेल्या.

उरली ती भावंडे दोन. श्रीनिवास आणि रमा यांनी पायी सुमारे ४,००० मैलांचा प्रवास केला. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घेण्यास काही नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून आणि अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. असे फिरत १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. प्रवासात पहाटे पहाटे झालेले ते पाठ आता सर्वांच्या प्रत्ययास आले. विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले.

पुढे दुःखे पुन्हा ओढवली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंनी जातीबाहेरचा विवाह केला. परंतु १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार कराव्यात, असे त्यांनी आग्रहाने मांडले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे येथील अनेक स्नेही दुरावले. पण वडिलांप्रमाणेच त्यांनाही लोकनिंदेच्या भयाने मार्ग बदलणे ठाऊक नव्हते.

अमेरिकेतून साहाय्य मिळवून त्या परतल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले. विधवा मुलींना आश्रय आणि विद्या देणारी ही शाळा पुढल्या वर्षी पुण्यास आली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे तिचा विवाह महर्षी कर्वे यांच्याशी झाला आणि तीही स्त्रीशिक्षणाच्या कार्यात उतरली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तो आघात सोसूनही रमाबाईंनी काम थांबविले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून तडफडत आहेत हे कळताच, स्वतः भोगलेली भूक रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्या तेथे गेल्या आणि सुमारे ३०० निराधार स्त्रिया व मुली यांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० पर्यंत तेथील संख्या सुमारे १,५०० झाली.

या सदनात मुली लिहावयास आणि वाचावयास शिकत. त्याबरोबरच विणकाम, शिवणकाम, शेती, गुरांची देखभाल, छपाई आणि पुस्तकबांधणी हेही शिकत. मनोरमाबाईंनी अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. येथून बाहेर पडणारी मुलगी विद्येने समृद्ध असावी, पण हाताने लुळी असू नये, अशी रमाबाईंची दृष्टी होती. त्यांच्या स्वतःच्या घरात जे शिकावयाचे राहून गेले होते, ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना दिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, रमाबाईंच्या अंगी असलेली विद्या आईची होती आणि त्यांची निर्भयता वडिलांची होती. श्रमाची थोरवी मात्र त्यांना दुष्काळाने शिकविली. आपण कोणत्या घरात जन्मावे आणि कसे वाढावे हे आपल्या हाती नसते. घराने दिलेले धन जपावे, इतरांना वाटावे, आणि जे उणे राहिले ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून झटावे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती असते. रमाबाईंनी हेच केले.