वकिली सोडून वर्गात गोष्टी सांगणारे गिजुभाई, ज्यांना लोक ‘मिशीवाली आई’ म्हणायचे

मुलांना लवकर वाचायला यावं म्हणून वर्गात रोज थोडा वेळ गोष्ट वाचून दाखवा, पुस्तकं त्यांच्या हाताला लागतील अशी ठेवा, असं आज शिक्षकांना आवर्जून सांगितलं जातं. शंभर वर्षांपूर्वी गुजरातमधल्या भावनगरला एक माणूस हेच सांगत होता. आणि तो मुळात शिक्षक नव्हताच, वकील होता.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई. जन्म 15 नोव्हेंबर 1885, सौराष्ट्रातल्या चित्तळ गावी. 1907 मध्ये कमाईसाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले, परत आल्यावर कायदा शिकले आणि वढवाणला वकिली करू लागले. 1913 मध्ये मुलगा झाला. याला शिकवायचं कसं, हा प्रश्न घरातच उभा राहिला. कारण तेव्हाची शाळा म्हणजे छडी आणि घोकंपट्टी. उत्तर शोधताना मारिया मॉन्टेसरी यांचे विचार हाती लागले आणि वकिली मागे पडत गेली. 1916 मध्ये ते नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. 1920 मध्ये तिथेच त्यांनी लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केलं.

मॉन्टेसरींची साधनं त्यांनी घेतली, पण त्यात आपली भर घातली ती लोककथांची. गुजराती गोष्टी गोळा केल्या, सोप्या बोलीत लिहिल्या. या गोष्टींत एकच ओळ पुन:पुन्हा येते. दोन-तीन वेळा ऐकली की पुढची ओळ मूलच म्हणतं. मग तीच गोष्ट छापलेली समोर आली, की काय लिहिलं असेल याचा अंदाज त्याला आधीच असतो. अक्षरं अनोळखी असली तरी गोष्ट ओळखीची असते. वाचायला लागण्यासाठी एवढा आधार खूप असतो.

पण बालमंदिरात हे जमलं, साध्या सरकारी शाळेत जमेल का? गिजुभाईंना हाच प्रश्न छळत असावा, कारण त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ‘दिवास्वप्न’ याच प्रश्नावर उभं आहे. हा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती कादंबरीसारखी रचलेली कल्पित गोष्ट आहे, तिच्यामागे त्यांचा वर्गातला अनुभव आहे इतकंच.

त्यातला लक्ष्मीराम हा शिक्षक अधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. अट एकच, वर्षअखेर परीक्षा होणार. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो आणि पार तोंडावर पडतो. पोरं ओरडतात, खिदळतात. शेवटी सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो फक्त गोष्ट सुरू करतो. वर्ग चिडीचूप! मग गोष्ट रोजचीच होते. गोष्ट हवी म्हणून हजेरी निमूटपणे होते, मुलं वर्गात टिकतात. बाकीचे मास्तर हसतात, हा शिकवतो कधी म्हणून.

यानंतरचा भाग आजही जरा धाडसी वाटतो. लक्ष्मीराम मुलांना सांगतो, पाठ्यपुस्तकं विकत घेऊ नका, ते पैसे माझ्याकडे आणा. त्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं येतात आणि वर्गाचं वाचनालय उभं राहतं. सगळ्यांनी एकच पुस्तक वर्षभर घोकण्यापेक्षा प्रत्येकाने बरीच वेगवेगळी वाचावीत, असा साधा हिशोब. पालकांना तो पटवणं सोपं नसतं. परीक्षा डोक्यावर असताना मुलाकडे पाठ्यपुस्तकच नाही, हे आज तरी कोणते आई-बाबा ऐकून घेतील?

मुलांना वाचायला पुस्तकं तर हवीत. गिजुभाई त्यांच्यासाठी सतत लिहीत राहिले. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणू लागले, म्हणजे मिशीवाली आई. 23 जून 1939 रोजी ते गेले. वय अवघं 53.

या कामाचा एक धागा महाराष्ट्रात आला. राजकोटमध्ये प्राचार्यपद सांभाळलेल्या ताराबाई मोडक गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या होत्या. पुढे 1936 मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ सोबत आल्या. नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती थेट कुरणात भरू लागली.