संत कॅमिलस

१४ जुलै हा संत कॅमिलस यांचा सण. १५५० साली इटलीत जन्मलेले कॅमिलस तरुणपणी भाडोत्री सैनिक होते, आणि पक्के जुगारी! पायाची जखम कधीच भरली नाही. तिच्यापायी कापुचिन मठानेही त्यांना परत पाठविले. रोमच्या इस्पितळात पगारी नोकर रुग्णांची हेळसांड करीत. ते पाहून त्यांनी केवळ प्रभुप्रेमाखातर सेवा करणारे सोबती जमविले. १५८६ साली पोपमहोदयांनी या संघाला झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगी दिली. जिवावर बेतले तरी रुग्णाला सोडायचे नाही, हे त्यांचे चौथे व्रत. १५९५ व १६०१ साली हे बंधू हंगेरीच्या रणभूमीवर जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेले. रेडक्रॉस संघटना निघाली ती थेट १८६३ साली. कॅमिलस १६१४ साली देवाघरी गेले. अखेरच्या काळात चालवेना, तेव्हा ते रांगत रुग्णांच्या खाटांपाशी जात.